डोळ्यांना दिसणारे इंजिन

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांचा टापू यंत्रांना नवखा नाही. १९३० च्या दशकात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले, ते इंदापूर तालुक्यातच. ज्या शेठ वालचंद हिराचंद यांनी येथील माळावर कारखानदारी आणली, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन करून मुंबईत मोटारनिर्मितीचा पाया घातला. या कंपनीच्या पद्मिनी मोटारीने मुंबईच्या टॅक्सीव्यवसायाची कित्येक दशके सेवा केली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती तेथील टॅक्सींच्या ताफ्यातून निवृत्त झाली. अलीकडे बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या कारखान्यातून तीनचाकी वाहने व स्कूटर बाहेर पडत आहेत. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावी ट्रॅक्टर, मोटारसायकल, फवारणीचा पंप किंवा उसाची वाहतूक करणारे वाहन पाहिले नाही, असे मूल आज शोधूनही सापडणार नाही.

असे असले तरी या सर्व यंत्रांचे हृदय जे इंजिन, ते मात्र बहुतेकांच्या दृष्टीने बंद पेटीच राहिले आहे. हॅण्डल मारले की ते सुरू होते, डिझेल संपले की बंद पडते, आणि बिघडले की तालुक्याच्या गावाहून मिस्त्री बोलवावा लागतो, एवढाच त्याचा परिचय. पाठ्यपुस्तकात इंजिनाची आकृती असते. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि गुणही मिळवितात. परंतु तीच मुले घरच्या ट्रॅक्टरमधून निघणारा काळा धूर पाहतात, तेव्हा त्या धुराचा आकृतीशी काही संबंध आहे असे त्यांना वाटत नाही. लोखंडाच्या जाड भिंतीमागे चालणारी क्रिया डोळ्यांना दिसावी, यासाठी पारदर्शक इंजिनाची कल्पना पुढे आली. शाळेतील प्रतिरूपापासून संशोधन संस्थेतील काचेच्या इंजिनापर्यंत तिची अनेक रूपे आहेत. ही रूपे कोणती, त्यांतून काय दिसते आणि ग्रामीण भागातील शाळेला त्यांचा कितपत उपयोग होऊ शकेल, याचा विचार येथे केला आहे.

चार धावांचे चक्र

मोटारीचे इंजिन हे अंतर्ज्वलन इंजिन होय. वाफेच्या इंजिनात आग बाहेर पेटते आणि वाफ आत येऊन काम करते. येथे इंधन सिलिंडरच्या आतच जळते आणि तापलेल्या वायूचा दाब पिस्टनवर, म्हणजे सिलिंडरमध्ये सरकणाऱ्या दट्ट्यावर, पडतो. पिस्टनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासास धाव म्हणतात. निकोलाउस ओटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. आजची बहुसंख्य पेट्रोल इंजिने त्याच क्रमाने चालतात.

पहिल्या धावेत पिस्टन खाली येतो, आगम झडप उघडी असते आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत दोन्ही झडपा बंद असतात. पिस्टन वर जातो आणि मिश्रण दाबले जाते. त्यानंतर प्लगवर ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तिसऱ्या धावेत तापलेला वायू पिस्टनला जोराने खाली लोटतो. चारपैकी हीच एक धाव कमाई करणारी असते. चौथ्या धावेत निष्कास झडप उघडते आणि वर येणारा पिस्टन जळका वायू बाहेर ढकलतो. उरलेल्या तीन धावांसाठी लागणारी शक्ती फ्लायव्हील या जड चाकाने साठवून ठेवलेली असते.

१८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वी ठरले. त्यात ठिणगीची आवश्यकता नसते. दुसऱ्या धावेत केवळ हवा दाबली जाते. या दाबाने ती इतकी तापते की, नोझलमधून फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. त्याच तत्त्वाचे हे मोठे रूप आहे.

एका सेकंदात काय घडते

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे इंजिन परके नाही. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिने बनविण्यास आरंभ केला होता. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या खडकी येथील कारखान्यातून निघालेली इंजिने विहिरीविहिरीवर पोहोचली. त्यांपैकी ए.व्ही.१ हे ५ अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे इंजिन येथे उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला १५०० फेरे असा आहे.

दोन फेऱ्यांत चार धावा, या हिशेबाने हे इंजिन एका सेकंदात ५० धावा पुऱ्या करते आणि साडेबारा वेळा आतील इंधन पेटते. शक्ती देणारी एक धाव सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते. डोळ्याची पापणी एकदा लवते, तेवढ्या अवधीत अशा कित्येक धावा होऊन जातात. पूर्ण भारावर हे इंजिन तासाला साधारणपणे एक लिटर किंवा किंचित अधिक डिझेल खाते. तेवढे डिझेल ४५ हजार फवाऱ्यांत वाटले जाते. म्हणजे प्रत्येक वेळी आत पडणारे इंधन जेमतेम २५ घनमिलिमीटर असते, पाण्याच्या एका थेंबाच्या साधारण निम्मे. या अर्ध्या थेंबाच्या जोरावर विहिरीचे पाणी वर चढते. हवेचा हिशेब मात्र अगदी वेगळा आहे. हेच इंजिन तासाभरात सुमारे २५ घनमीटर हवा ओढते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व पावणेतीन मीटर उंच खोलीत जेवढी हवा असते, तेवढी ही हवा झाली.

आता दाबाचा विचार करू. इंधन पेटल्यावर सिलिंडरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलो धरला, तर ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर सुमारे ३ टन भार येतो, आणि तोही सेकंदाला साडेबारा वेळा. ज्वालेचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंजिनाच्या भिंती एवढ्या जाड का असतात आणि त्या पारदर्शक करणे एवढे कठीण का आहे, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

शास्त्रज्ञांनी लावलेल्या खिडक्या

आत डोकावण्याची ओढ इंजिनाच्या जन्मापासूनच दिसते. सिलिंडरमध्ये शिरलेली हवा व इंधन कसे मिसळतात, हा प्रश्न ओटो यांनाही पडला होता. त्यासाठी त्यांनी काचेच्या नळकांड्याचे, हाताने फिरविण्याचे एक प्रतिरूप करून त्यात धूर ओढून पाहिला, अशी हकीकत इंजिनाच्या इतिहासात सांगितली जाते. त्या यंत्रात काही पेटत नव्हते. केवळ धुराची वाट दिसत होती.

पेटते इंजिन पाहण्यासाठी बराच काळ जावा लागला. १९३० च्या दशकात अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत लॉइड विथ्रो व जेरल्ड रासवायलर यांनी सिलिंडरच्या माथ्यावर क्वार्ट्झची खिडकी बसवून आतील ज्वालेचे चलच्चित्र घेतले. त्यांचा कॅमेरा सेकंदाला ५००० चित्रे घेत असे. त्या काळी पेट्रोल इंजिनातील ठोके हा मोठा डोकेदुखीचा विषय होता. चढावर किंवा जादा भाराखाली इंजिनातून खडखड आवाज येतो, तोच हा दोष. चित्रांत असे दिसले की, नेहमीच्या ज्वलनात ज्वाला प्लगपासून निघून पसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. ठोक्याच्या वेळी मात्र ज्वाला पोहोचण्यापूर्वीच शेवटच्या कोपऱ्यातील दाबलेले मिश्रण आपोआप पेट घेते. जे आवाजावरून केवळ तर्काने सांगितले जात होते, ते आता डोळ्यांनी पाहता आले.

पुढची मोठी सुधारणा त्याच कंपनीच्या एफ. डब्ल्यू. बाउडिच यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. माथ्यावर झडपा असल्यामुळे तेथे खिडकीस जागा थोडी. म्हणून त्यांनी पिस्टन लांब व पोकळ केला, त्याच्या माथ्यावर क्वार्ट्झची चकती बसविली आणि पोकळीत ४५ अंशांत एक स्थिर आरसा ठेवला. पिस्टन वर-खाली होत असतानाही आरशातून ज्वलनाची संपूर्ण जागा खालून दिसू लागली. ही युक्ती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या इंजिन प्रयोगशाळेतही अशा प्रकारच्या पारदर्शक इंजिनावर संशोधन चालते.

या पाहण्याचा लाभ थेट सामान्य माणसाच्या श्वासापर्यंत पोहोचतो. डिझेलच्या फवाऱ्यात काजळी नेमकी कोठे तयार होते, याविषयी पूर्वी निरनिराळे अंदाज होते. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतील जॉन डेक यांनी लेसर किरणांच्या साहाय्याने पारदर्शक इंजिनात घेतलेल्या चित्रांवरून १९९७ मध्ये नवे चित्र मांडले. फवाऱ्याच्या आतील भागात हवा अपुरी पडते, तेथे इंधन अर्धवट जळून काजळी धरते आणि बाहेरच्या कडेवरील ज्वालेत त्या काजळीचा बराचसा भाग जळून जातो, असे त्यांनी दाखविले. अशा संशोधनातून उमगलेल्या गोष्टी आधुनिक इंजिनाच्या रचनेत उतरल्या. भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज ६ हे कडक प्रदूषण निकष लागू झाले. ते गाठणाऱ्या इंजिनांमागे सिलिंडरच्या आत पाहण्याचे हे दीर्घ परिश्रम आहेत.

शाळेसाठी तीन मार्ग

क्वार्ट्झ, लेसर व अतिवेगवान कॅमेरा या गोष्टी गावच्या शाळेच्या आवाक्यातील नव्हेत आणि त्यांची तेथे आवश्यकताही नाही. विद्यार्थ्याला प्रथम ज्वाला नव्हे, तर क्रम समजला पाहिजे. पिस्टन कोठे आहे, तेव्हा कोणती झडप उघडी आहे आणि ठिणगी केव्हा पडते, या तीन गोष्टींचा मेळ एकदा डोळ्यांत बसला की पुढील ज्ञान सोपे होते. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग पुठ्ठ्याचा. जाड पुठ्ठ्यावर सिलिंडरचा उभा छेद काढून पिस्टन, दांडा व क्रँक यांचे तुकडे टाचणीने जोडले की हलते चित्र तयार होते. खर्च नाममात्र, आणि वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे करता येते. पिस्टनची सरळ गती क्रँकच्या गोल गतीत कशी बदलते, एवढे यातून स्पष्ट होते.

दुसरा मार्ग पारदर्शक नळीच्या प्रतिरूपाचा. ॲक्रिलिकची नळी, लाकडी किंवा नायलॉनचा पिस्टन, प्लायवूडची फळी आणि हाताने फिरविण्याची क्रँक एवढे साहित्य त्यास पुरते. क्रँकची त्रिज्या ५५ मिलिमीटर ठेवली की धाव ११० मिलिमीटरची होते, म्हणजे विहिरीवरील खऱ्या इंजिनाएवढीच. येथे खरी खुबी झडपांची आहे. क्रँकचे दोन फेरे होताना झडपा उघडणारा कॅमदंड एकच फेरा करतो. त्यामुळे एका चाकाचे दाते दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असावे लागतात. चार धावी मोटारसायकलच्या जुन्या इंजिनातील टायमिंगची चाके व साखळी मुळातच या प्रमाणात असतात. ती मिळाल्यास हे काम सोपे होते. ठिणगीऐवजी लहान दिवा लावावा आणि कॅमदंडावरील उंचवट्याने त्याची कळ दाबली जाईल अशी योजना करावी.

असे प्रतिरूप हळूहळू फिरविले की आकृतीत न दिसणारी एक गोष्ट ध्यानात येते. कळ योग्य जागी बसविली असेल, तर पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधीच दिवा लागतो. विद्यार्थी साहजिकच विचारतात की, आधी का? ज्वाला पसरण्यास सेकंदाचे काही सहस्रांश लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर अडीच सहस्रांश सेकंदांत क्रँक ४५ अंश पुढे गेलेली असते. म्हणून पेटविण्याचे काम आधी सुरू करावे लागते. मिस्त्री टायमिंग लावतो म्हणजे नेमके काय करतो, ते या एका दिव्याने समजते.

त्याच नळीवर आणखी एक प्रयोग करता येतो. पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या डोक्यावर किती जागा उरते, याची खूण करावी. पिस्टनचा माथा सपाट धरल्यास साडेसोळा पट दाब देणाऱ्या डिझेल इंजिनात ही जागा अवघी ७ मिलिमीटर असते. आठ पट दाब देणाऱ्या पेट्रोल इंजिनात ती सुमारे १६ मिलिमीटर भरते. ११७ मिलिमीटर उंचीची हवा ७ मिलिमीटरमध्ये कोंबली जाते, हे दोन रेघांनी दाखविले की डिझेलला ठिणगी का लागत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा मार्ग खरे इंजिन कापून दाखविण्याचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिक व मोटार मेकॅनिक या व्यवसायांच्या प्रशिक्षणात अशा छेद दिलेल्या इंजिनाचा उपयोग रूढ आहे. निकामी इंजिनाच्या सिलिंडरची, माथ्याची व क्रँकघराची एक बाजू कापून काढतात. कापलेल्या कडा तांबड्या, पाण्याचे मार्ग निळे व तेलाचे मार्ग पिवळे रंगविले की प्रत्येक मार्ग वेगळा ओळखता येतो. हे इंजिन हाताने किंवा मंद गतीच्या मोटारीने फिरवितात. चार सिलिंडरचे इंजिन असल्यास चारही पिस्टन एकाच वेळी दिसतात. पहिला आणि चौथा बरोबर वर येतात, दुसरा आणि तिसरा बरोबर खाली जातात, तरीही ठिणगी एक, तीन, चार, दोन या क्रमाने का पडते, हे तेथे उभे राहून मोजता येते. पिस्टनच्या रिंगा, लायनर व त्यांतील तेलाची पातळ फट हाताला लागते. प्लास्टिकच्या प्रतिरूपात हा अनुभव मिळत नाही.

सावधगिरीच्या गोष्टी

उत्साहाच्या भरात पारदर्शक इंजिन प्रत्यक्ष पेट्रोलवर चालवून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. लहान इंजिनाच्या माथ्यावर ॲक्रिलिकचा जाड ठोकळा बसवून ते काही क्षण चालविल्याची उदाहरणे परदेशात आहेत. परंतु ॲक्रिलिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते. काही वेळातच त्यावर काजळी व तेल बसून दिसेनासे होते, आणि ठोकळा फुटल्यास त्याच्या चिरफळ्या गोळीसारख्या उडतात. शाळेत किंवा गावच्या वर्कशॉपमध्ये हा प्रयोग कोणीही करू नये. शाळेतील इंजिन दिसावे आणि फिरावे. ते पेटण्याची मुळीच गरज नाही.

छेद देण्याचे कामही प्रशिक्षित निदेशकाच्या देखरेखीखालीच व्हावे. कापण्यापूर्वी इंधन व तेल पूर्णपणे काढून भाग धुऊन वाळवावेत. इंधनाची टाकी, ती रिकामी दिसत असली तरी, कधीही कापू नये किंवा तिच्यावर जोडकाम करू नये, कारण आतील वाफेचा भडका उडू शकतो. फिरत्या भागांवर जाळी बसवावी, कारण मंद गतीचे इंजिनही लहान मुलाचे बोट चिरडू शकते.

पाहिल्याने काय बदलते

इंजिन दिसल्याने शेतकऱ्याचा कोणता लाभ होतो, असा प्रश्न पंचायतीच्या सभेत कोणी विचारल्यास तो गैर नाही. त्याचे पहिले उत्तर धुरात आहे. पारदर्शक नळी पाहिलेल्या मनुष्याला धुराचा रंग वाचता येतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. एकतर इंजिनावर भार अधिक आहे, हवेची गाळणी धुळीने तुंबली आहे किंवा नोझल नीट फवारत नाही. निळसर धूर म्हणजे रिंगा व लायनर झिजून वंगणतेल वर चढते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. दिवसाकाठी हवेची गाळणी पाहिली आणि काळ्या धुराचे कारण वेळीच दूर केले, तर डिझेल वाचते आणि इंजिनाचे आयुष्य वाढते. उन्हाळ्यात शेतरस्त्यांवर उडणारी धूळ तुंबलेल्या किंवा फाटक्या गाळणीमुळे आत जाऊन लायनर कशी घासते, हे छेद दिलेल्या इंजिनात बोट ठेवून दाखविता येते.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. पाणी खोल गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवून चालविणे, किंवा चोरीच्या भीतीने बंद खोलीत चालू ठेवणे, या प्रकारांनी माणसे प्राणास मुकली आहेत. इंजिन तासाला एका खोलीभर हवा ओढते आणि चौथ्या धावेत जळका वायू त्याच जागेत सोडते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या मृत्यूचे कारण उलगडते. निष्कास वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला मदतीसाठी हाक मारण्याचीही शुद्ध राहत नाही. विहिरीत पडलेल्यास वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही त्यात सापडतो. म्हणून इंजिन नेहमी उघड्या हवेत चालवावे, त्याचा धुराडा बाहेर काढलेला असावा, आणि विहिरीत चालू इंजिन असल्यास किंवा नुकतेच बंद झालेले असल्यास कोणीही आत उतरू नये. शिक्षकांनी चौथ्या धावेचा पाठ शिकविताना ही गोष्ट प्रत्येक वर्गाला सांगणे आवश्यक आहे.

तिसरे उत्तर रोजगाराचे. विजेचे व सौर पंप वाढत असले, विजेवर चालणारी वाहने रस्त्यावर येत असली, तरी ट्रॅक्टर, मालमोटारी, मळणीयंत्रे व दुचाकी यांची इंजिने पुढील बरीच वर्षे दुरुस्ती मागणार आहेत. ज्या मुलाने आठवी-नववीत इंजिन आतून पाहिले, तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा परिसरातील कारखान्यात गेल्यावर पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारू शकतो.

उपलब्ध साधनांचा मेळ

यासाठी सर्वच गोष्टी नव्याने उभारण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची सुरुवात केली. हातांनी काम करीत विज्ञान शिकावे, आणि शाळेने गावाला उपयोगी पडणारी तांत्रिक कामे करावीत, हा तेथील शिक्षणाचा गाभा आहे. बारामती येथे ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या परिसरात २०२२ मध्ये विज्ञान व नवोपक्रम केंद्र सुरू झाले. बारामती व इंदापूर येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. २०१६ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून काही शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा मिळाल्या आहेत. ज्या शाळेत अशी प्रयोगशाळा आहे, तेथे दुसऱ्या प्रकारचे प्रतिरूप विद्यार्थी स्वतः करू शकतात. ज्या शाळेत ती नाही, तेथील शिक्षकांनी वर्ग घेऊन प्रशिक्षण संस्थेत अर्धा दिवस जावे, एवढेही पुरेसे आहे.

छेद देण्यास इंजिन कोठून मिळणार, ही अडचण मोठी नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि ती नोंदणीकृत केंद्रांत मोडीत काढली जातात. नियमांची चौकट सांभाळून अशा केंद्रांकडून एखादे निकामी इंजिन प्रशिक्षण संस्थेस शैक्षणिक साहित्य म्हणून मिळू शकेल काय, याची विचारणा संबंधित अधिकाऱ्यांनी करण्यासारखी आहे. गावातील गॅरेजमध्ये पडून असलेले जुने इंजिनही या कामी येते. संस्थेने ते कापून रंगवावे, पंचायतीने ते ठेवण्यासाठी शाळेत जागा व जाळीचा पिंजरा द्यावा आणि शिक्षकांनी त्याचा पाठ्यक्रमाशी मेळ घालावा, अशी कामाची वाटणी केल्यास कोणावरही फारसा भार पडणार नाही.

मात्र असे साधन कपाटात किंवा प्रदर्शनाच्या टेबलावर झाकून ठेवले, तर त्याचा उपयोग पुठ्ठ्याच्या आकृतीइतकाही होणार नाही. ते विद्यार्थ्यांच्या हाताने फिरले पाहिजे आणि ग्रामसभेच्या दिवशी शेतकऱ्यांनाही पाहावयास मिळाले पाहिजे. वालचंदनगरच्या यंत्रशाळांनी आणि बारामतीच्या कारखान्यांनी या टापूला यंत्रे दिली. कळससारख्या गावच्या शाळेत एक कापलेले इंजिन उभे राहिले, तर त्या यंत्रांच्या आत काय चालते, हेही येथील नव्या पिढीला कळेल. धुराचा रंग ओळखून वेळीच गाळणी साफ करणारा एक शेतकरी, किंवा विहिरीत चालू इंजिनाजवळ उतरण्यास नकार देणारा एक तरुण त्यातून तयार झाला, तरी त्यासाठी केलेला खर्च व श्रम सार्थकी लागले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.